औषधे, मूत्रपिंड आणि आहारातील तेल

औषधाची चिठ्ठी हाती पडली की हल्ली पालकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "डॉक्टर, हे औषध किडनीला बाधते म्हणतात. मग सोबत जवसाचे तेल किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या तर चालतील का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे प्रयोगशाळेत झालेले खरे संशोधन आहे, आणि त्यातील बराच भाग आपल्याच देशात झालेला आहे. परंतु उंदरांवरील प्रयोगापासून आजारी बालकाच्या खाटेपर्यंतचे अंतर मोठे असते. ते अंतर किती आहे आणि त्या वाटेवर खरे संरक्षण कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेख डॉक्टरांबरोबरच समाजातील सर्व वाचकांसाठी असल्याने तांत्रिक भाग शक्य तितका सोपा ठेवला आहे.

घाव मूत्रपिंडावरच का?

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्ररूपाने केवळ दीड-दोन लिटर बाहेर पडतो. उरलेले पाणी, क्षार, साखर आणि इतर उपयुक्त द्रव्ये मूत्रपिंडातील नलिका परत शोषून घेतात. या व्यवस्थेचा एक परिणाम असा, की रक्तात विरळ असलेले औषध नलिकेत पोहोचेपर्यंत अनेक पटींनी दाट होते. शिवाय नलिकेच्या पेशी अहोरात्र कष्ट करतात, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. औषधाचा दाट मारा आणि श्रमाचा ताण अशा दोन कारणांनी या पेशी सर्वप्रथम बळी पडतात.

बालकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. गर्भातील नेफ्रॉनची निर्मिती साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अपुरी असते. पूर्ण दिवसांच्या बाळाची गाळण्याची क्षमताही जन्मतः कमीच असते. शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने ती प्रौढांच्या पातळीवर यायला सुमारे दोन वर्षे लागतात. म्हणून प्रौढाला सहज पचणारे औषध तान्ह्या बाळाच्या शरीरात अधिक काळ रेंगाळते.

तेल आणि मूत्रपिंड यांचे जुने नाते

आहारातील तेलाचा मूत्रपिंडाशी संबंध ही काही अलीकडची कल्पना नव्हे. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळलेला आहार दिला. तोपर्यंत स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्मांकांचा साठा अशी समजूत होती. या उंदरांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपटी खवलेदार झाली, लघवीतून रक्त जाऊ लागले, मूत्रपिंडे खराब झाली आणि अखेर ते दगावले. आहारात लिनोलिक आम्ल असलेले स्निग्ध द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात दिले असता मात्र ते सुधारले. शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी काही मेदाम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. 'आवश्यक मेदाम्ले' ही संज्ञा तेथूनच रूढ झाली.

याचे कारण पुढे उलगडत गेले. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाम्लांनीच विणलेले असते. आपण जे तेल खातो, त्यातील मेदाम्ले काही आठवड्यांत या आवरणात जागा घेतात. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांतील लिनोलिक आम्ल हे ओमेगा-६ कुळातले. जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि माशाच्या तेलातील ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ कुळातली. या मेदाम्लांपासूनच शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. तेव्हा आहारातील तेल बदलले तर मूत्रपिंडाच्या पेशीचे आवरण बदलेल, आणि आवरण बदलले तर औषधाचा घाव सोसण्याची तिची ताकदही बदलेल, असा तर्क संशोधकांनी केला. तो तर्कशुद्धच होता.

अलीगढचे प्रयोग

या तर्काची चिकाटीने पडताळणी करणाऱ्यांत अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. त्यांनी प्रथम जेंटामायसिन हे औषध निवडले. १९६३ साली उजेडात आलेले हे प्रतिजैविक आजही नवजात अर्भकांच्या जंतुसंसर्गात पहिल्या फळीचे, स्वस्त आणि प्रभावी औषध आहे. मात्र त्याची एक खोड आहे. ते शरीरात फारसे न बदलता मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, पण जाताना त्याचा काही अंश नलिकेच्या पेशींत अडकून राहतो. नलिकेच्या आतील बाजूस ब्रशच्या केसांसारखी झालर असते. त्या झालरीवरील मेगॅलिन नावाचे प्रथिन जेंटामायसिनला पकडून आत ओढते. आत लायसोझोम नावाच्या पिशव्यांत औषध साठत जाते, तेथील मेदद्रव्यांचे विघटन थांबते, मायटोकॉन्ड्रियाचे काम बिघडते आणि प्राणवायूचे विध्वंसक कण वाढतात. साधारण पाच ते सात दिवसांच्या उपचारानंतर क्रिएटिनिन चढू लागते. लघवीचे प्रमाण बहुधा कमी होत नाही, त्यामुळे घरच्यांना काय, डॉक्टरांनाही संशय येत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या अलीगढच्या प्रयोगात उंदरांना प्रथम दहा दिवस माशाचे तेल घातलेला आहार दिला गेला. त्यानंतर तोच आहार चालू ठेवून दहा दिवस जेंटामायसिन टोचण्यात आले. साध्या आहारावरील उंदरांचे क्रिएटिनिन आणि युरिया वाढले, झालरीतील विकरे घटली, पेशीचे ऊर्जाचक्र मंदावले. माशाच्या तेलावरील उंदरांत हे दुष्परिणाम बऱ्याच अंशी टळले. पुढे २०१३ साली त्याच विद्यापीठातून सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधाबाबत जवसाच्या तेलाचा, आणि २०१७ साली कलौंजीच्या तेलाचा असाच अनुकूल परिणाम प्रसिद्ध झाला. येथे जाता जाता एक खुलासा. कलौंजी म्हणजे आपल्याकडे काहीजण कांद्याचे बी म्हणून विकतात तो मसाल्याचा पदार्थ. आपण चटणीला वापरतो ते कारळे, कन्नडमधील गुरेळ्ळू, ही अगदी निराळी वनस्पती आहे. एकीचे गुण दुसरीला चिकटवू नयेत.

हे प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत आणि औषध पेशीला नेमके कोठे इजा करते, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. त्यांचे मोल मान्य करूनच पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत.

उंदरापासून बालकापर्यंत

पहिला प्रश्न मात्रेचा. या प्रयोगातील उंदरांना दर किलो वजनामागे रोज ८० मिलिग्रॅम जेंटामायसिन दिले होते. बालकाला आपण किलोमागे ५ ते ७.५ मिलिग्रॅम देतो. उंदराच्या शरीराचा हिशेब वेगळा असतो हे खरे, परंतु शरीरपृष्ठाच्या प्रमाणात रूपांतर केले तरी प्रयोगातील मात्रा उपचाराच्या मात्रेहून मोठीच राहते. म्हणजे इजा मुद्दाम घडवून आणलेली होती.

दुसरा प्रश्न तेलाच्या प्रमाणाचा. उंदरांच्या आहारात वजनाच्या सुमारे १५ टक्के तेल मिसळलेले होते. १५ किलो वजनाचे मूल दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम कोरडे अन्न खाते असे धरले, तर ढोबळ हिशेबाने त्याला रोज ४५ ग्रॅम माशाचे तेल द्यावे लागेल. एक ग्रॅमची कॅप्सूल धरली तर ४५ कॅप्सूल झाल्या! दोन-तीन कॅप्सूलमधून तोच परिणाम मिळेल असे मानण्यास आधार नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. तेलाने पेशीचे आवरण बदलायला अवधी लागतो. उंदरांना औषधाआधी दहा दिवस तयारीला मिळाले होते. जंतुसंसर्गाने निपचित पडलेल्या अर्भकाला जेंटामायसिन तासाभरात सुरू करावे लागते. तेथे तेलाला काम करायला सवड कोठली?

माणसांवरील चाचण्या काय सांगतात, तेही पाहू. १९९३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. सायक्लोस्पोरिन हे रोपणानंतर लागणारे औषध स्वतःच मूत्रपिंडाला त्रासदायक असते. एका गटाला रोज ६ ग्रॅम माशाचे तेल आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तितकेच खोबरेल तेल वर्षभर दिले. माशाच्या तेलाच्या गटात मूत्रपिंडाचे काम अधिक चांगले राहिले. आशा उंचावली. पण पुढे अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या कोक्रेन आढाव्यात, रोपणानंतर मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी माशाचे तेल द्यावे असे म्हणण्याइतका पुरावा आढळला नाही.

आयजीए नेफ्रोपॅथी या विकाराचीही हीच कथा. हा विकार औषधामुळे होत नाही, पण तेलाच्या गुणाची परीक्षा तेथेही झाली. १९९४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत माशाच्या तेलाने ऱ्हास मंदावल्याचे दिसले. २००६ साली मुले आणि तरुण रुग्ण यांच्यावर झालेल्या चाचणीत मात्र ते तेल नुसत्या रूपापुरत्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरले नाही. २०१९ साली मधुमेहींवरील पाच वर्षांच्या मोठ्या चाचणीतही रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन मूत्रपिंडाची क्षमता राखण्यात फरक पडला नाही. प्रतिजैविकामुळे होणारी इजा तेलाने टळते, हे बालकांत दाखवणारी विश्वासार्ह चाचणी तर पुढे आलेलीच नाही.

ढाल कोणाची, आपली की शत्रूची?

कर्करोगाच्या बालरुग्णांबाबत एक इशारा स्वतंत्रपणे देणे आवश्यक आहे. यकृताच्या, मेंदूच्या आणि इतर काही गाठींवर सिस्प्लॅटिन वापरले जाते. ते नलिकेच्या पेशींत शिरून इजा करते, मॅग्नेशियम वाहून जाते, ऐकण्याची शक्तीही धोक्यात येते. अशा मुलांचे पालक जे जे कोणी सांगेल ते करून पाहतात, त्यांच्या व्याकुळतेला दोष देता येत नाही. परंतु नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांना २०११ साली एक विलक्षण गोष्ट आढळली. प्लॅटिनमवर्गीय औषध दिल्यानंतर शरीरातील काही पेशी विशिष्ट मेदाम्ले सोडतात, आणि ती मेदाम्ले गाठीला त्याच औषधापासून वाचवतात. २०१५ साली त्याच गटाने दाखवले, की त्यांपैकी एक मेदाम्ल बाजारातील माशाच्या तेलात आणि हेरिंग, मॅकरेल यांसारख्या काही माशांत असते, आणि उंदरांत अशा तेलामुळे औषधाचा गाठीवरील परिणाम उणावतो. हा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील आहे हे मान्य. तरीही केमोथेरपीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचे तेल टाळावे, असा सल्ला नेदरलँड्समध्ये दिला गेला.

यातील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. निरोगी पेशीला विषापासून वाचवणारे द्रव्य रोगी पेशीलाही वाचवू शकते. म्हणून कर्करोगाचा उपचार चालू असताना कोणतेही तेल, कॅप्सूल किंवा काढा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्यावाचून देऊ नये. 'तेलच तर आहे, त्याने काय अपाय होणार' हे म्हणणे येथे लागू पडत नाही.

जुलाब, ताप आणि तापाचे औषध

रोजच्या व्यवहारात मूत्रपिंडाची सर्वाधिक टाळता येण्याजोगी इजा मोठ्या औषधांनी होते असे नाही. ती घरच्या कपाटातील तापाच्या औषधानेही होते. जुलाब-उलट्यांनी मुलाच्या शरीरातील पाणी घटले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते. अशा वेळी मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन वाढवून आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. हीच ती मघाशी उल्लेखिलेली, तेलातील मेदाम्लांपासून बनणारी द्रव्ये. १९७१ साली जॉन वेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात हे दाखवले आणि त्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह त्यांना मिळाले. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल, डायक्लोफेनॅक ही सारी त्याच जातीची औषधे. पाणी घटलेल्या मुलाला ती दिली तर मूत्रपिंडाचा अखेरचा आधारच आपण काढून घेतो.

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील एका बालरुग्णालयाने २०१३ साली आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या जातीच्या औषधांमुळे मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेली २७ मुले त्यांना आढळली. त्यांतील बहुतेकांना औषध योग्य मात्रेतच दिले गेले होते, आणि डायलिसिसची पाळी आलेली मुले पाच वर्षांखालील होती. मात्रा बरोबर पण वेळ चुकीची, असा याचा अर्थ. आपल्याकडे निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ साली बंद करण्यात आले, हेही येथे आठवावे.

या विवेचनातून आणखी एक गोष्ट निघते. ओमेगा-६ म्हणजे वाईट आणि ओमेगा-३ म्हणजे चांगले, अशी वाटणी हल्ली सर्रास केली जाते. परंतु संकटात मूत्रपिंडाला तारणारे प्रोस्टाग्लँडिन ओमेगा-६ कुळातूनच येते. शरीराला दोन्ही कुळे हवीत, आणि त्यांचा समतोल हवा.

आपल्या स्वयंपाकघरात काय आहे?

मग तेलाचे काहीच मोल नाही काय? निश्चितच आहे, पण ते अन्न म्हणून आहे. या बाबतीत हुबळी-धारवाडचे लोक भाग्यवान आहेत. या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी पेरण्याची पद्धत जुनी. करडई, म्हणजे कुसुबी, हिच्यावर अण्णिगेरीच्या कृषी संशोधन केंद्रात संशोधन चालते. तेलबियांच्या संशोधनाचा वारसा धारवाडच्या १९८६ साली स्थापन झालेल्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे आहे. ज्वारीची भाकरी, तिच्यासोबत शेंगदाण्याची, कारळ्याची आणि जवसाची, म्हणजे अगसीची चटणी, हे ताट मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सारखेच वाढले जाते.

करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मे ओलेइक आम्ल आणि सुमारे तीस टक्के लिनोलिक आम्ल असते. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्ले असतात. ओमेगा-३ या साऱ्यांत नगण्यच. ती उणीव जवस भरून काढतो. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. जवसाच्या बियांत सुमारे चाळीस टक्के तेल असल्याने दहा ग्रॅम कुटलेल्या जवसातून साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळते. मात्र शरीर त्यातील थोडाच भाग ईपीएमध्ये आणि अगदी नाममात्र भाग डीएचएमध्ये बदलू शकते. म्हणून जवसाचे तेल आणि माशाचे तेल एकच, असे समजू नये. मासे खाणाऱ्या घरांनी आठवड्यातून एकदा-दोनदा बांगडा, तारली यांसारखे मासे खाणे उत्तम.

काही पथ्ये मात्र पाळावीत. जवसाचे तेल हवेने व उष्णतेने लवकर बिघडते. रंगकामात ते वापरतात ते याच गुणामुळे, की ते हवेत सुकते. म्हणून ते तळणीला वापरू नये. त्यापेक्षा बिया मंद भाजून, कुटून, थोडी थोडी ताजी चटणी करावी. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. एकाच तेलाचा हट्ट न धरता दोन-तीन तेले आलटून पालटून वापरावीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनाही तेलाचा बेताने आणि विविधतेने वापर, तसेच तेलबियांचा आहारात समावेश यांवर भर देतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांच्या आहारात मात्र पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिने मोजावी लागतात. त्यामुळे शेंगदाणे, जवस यांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जेथे कोणतेच तेल उपयोगी नाही

तेलाचा रेणू पाहिला तर त्याचा कणा असतो ग्लिसरीन, आणि त्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. हेच ग्लिसरीन गोड, दाट आणि निरुपद्रवी असल्याने औषधांच्या द्रव मिश्रणांत वापरले जाते. त्याच्यासारखेच दिसणारे आणि गोड लागणारे एक औद्योगिक द्रव्य आहे डायएथिलीन ग्लायकॉल. ते पोटात गेले की नलिकांच्या पेशी मरतात, लघवी बंद होते आणि पुढे मज्जासंस्थाही निकामी होते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रव औषधातून या विषाने शंभराहून अधिक बळी घेतले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी व तपासणीतील ढिलाईवर कठोर प्रकाश टाकला. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात मुलांच्या द्रव औषधांतून हीच पुनरावृत्ती झाली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतील काहींवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात हे विष तपासणीअंती ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

या मुलांना कोणत्याही तेलाने वाचवले नसते. त्यांना वाचवता आले असते ते कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाच्या तपासणीने, आणि बहुतेकदा आपोआप बऱ्या होणाऱ्या खोकल्याला औषधच न देण्याच्या संयमाने. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. आम्हा डॉक्टरांनी ते मनावर घेतले पाहिजे.

खरी ढाल

डॉक्टर मित्रांसाठी काही गोष्टी पुन्हा एकदा मांडतो. त्या साऱ्यांना ठाऊक आहेत, तरी घाईत सुटतात त्या याच.

१. प्रत्येक वेळी मुलाचे वजन करून मात्रा ठरवावी. नवजात अर्भकात गर्भकाळ आणि जन्मानंतरचे दिवस यांनुसार दोन मात्रांतील अंतर वाढवावे.

२. जेंटामायसिन, अमिकासिन दिवसातून एकदाच देणे बहुतेक ठिकाणी श्रेयस्कर. नलिकेची औषध ओढून घेण्याची क्षमता मर्यादित असल्याने एकदम दिलेली मात्रा तुकड्या-तुकड्यांनी दिलेल्या मात्रेहून कमी साठते.

३. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू आढळले नाहीत आणि बाळ सुधारले असेल तर ही औषधे दोन-तीन दिवसांत थांबवावीत. उगाच सात दिवस पुरे करू नयेत.

४. उपचारापूर्वी आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पाहावे. ते उशिरा चढते, त्यामुळे 'नॉर्मल' मर्यादेत असले तरी आधीच्या आकड्याहून वाढले असल्यास दखल घ्यावी. पोटॅशियम व मॅग्नेशियमही तपासावे.

५. अमिनोग्लायकोसाइडसोबत व्हँकोमायसिन, ॲम्फोटेरिसिन, फ्रुसेमाइड किंवा वेदनाशामक औषधे देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आधी पाण्याची तूट भरून काढावी, मग औषध द्यावे.

६. सिस्प्लॅटिनच्या आधी व नंतर सलाइन आणि गरजेप्रमाणे मॅग्नेशियम देणे हेच मूत्रपिंडाचे मान्यताप्राप्त संरक्षण आहे.

घरच्यांसाठी नियम आणखी सोपे आहेत. जुलाब-उलट्या असताना ताप आला तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे, आयब्युप्रोफेन नको. ओआरएस घोट घोट पाजत राहावे. लहान मुलाने सहा ते आठ तास लघवी केली नाही, तर घरी वाट पाहू नये. शेजारच्या मुलाची चिठ्ठी किंवा मागच्या आजारातील उरलेली बाटली वापरू नये. द्रव औषध पावती घेऊनच विकत घ्यावे आणि बाटली औषध संपेपर्यंत जपून ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास बॅच क्रमांक हाताशी असेल. आणि जे काही पूरक म्हणून देत असाल, मग ते तेल असो, कॅप्सूल असो की काढा, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. डॉक्टरांनीही ते न रागावता ऐकून घ्यावे, कारण रागावलो तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगितले जाणार नाही.

प्रयोगशाळेतील संशोधन थांबू नये, उलट ते वाढावे. आज उंदरांत दिसणाऱ्या परिणामातून उद्या बालकांसाठी एखादे निर्धोक संरक्षक औषध निघू शकेल. तोवर मात्र पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे असते: जवसाची चटणी भाकरीबरोबर आवडीने खाऊ द्या, ती चांगलीच आहे. पण या औषधापासून मुलाच्या मूत्रपिंडाचे रक्षण करायचे असेल, तर आज मुलाने किती पाणी प्यायले, किती वेळा लघवी केली, हे लिहून ठेवा आणि परवाच्या रक्ततपासणीला न चुकता या.